अधिक महिना कोणाचा

जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये एक लोखंडी पलंग होता. तो वर्षातून चार महिनेच भरलेला असायचा. उरलेल्या दिवसांत आई त्यावर वाळलेले कपडे टाकायची आणि मी सुट्टीत घरी आले की माझी पुस्तकं. पलंग आबाजींचा होता, म्हणजे बाबांच्या वडलांचा.

मी नागपूरला एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना आबाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण बोलणं राहिलं. शुद्ध तर शेवटपर्यंत लख्ख होती, आणि मला वाटतं तेच वाईट झालं. आजी त्याआधीच गेलेली. मुलगे तीन. मोठे बाबा सानगडीला शेती करायचे, माझे बाबा मधले, ते कारखान्यात, आणि काका शहापूरला शिक्षक. तिघांनी बसून ठरवलं की आबाजी प्रत्येकाकडे दोन-दोन महिने राहतील. श्रावण-भादवा सानगडी, आश्विन-कार्तिक आमच्याकडे, मार्गशीर्ष-पौष शहापूर, मग पुन्हा त्याच क्रमानं. भांडण झालं नाही, कोणाचा आवाजही चढला नाही. सानगडीत लोक आमच्या घराचं उदाहरण देत.

ही पाळीची कल्पना घरात बाहेरून आली नव्हती. आबाजी पंचवीसेक वर्षं गावच्या तलावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, जाईल हे गावानं ठरवायचं आणि पाणकरानं पाटाचं तोंड उघडायचं, बंद करायचं. लहानपणी उन्हाळी धानाच्या वेळी मी त्यांच्यामागून पाळीवर गेलेली आहे. ते कमी बोलत. बांधीचा मालक ‘थोडं राहू द्या जी’ म्हणत राही आणि ते मातीचा गोळा पाटाच्या तोंडावर थापून पुढे निघून जात. एकदा त्यांनी स्वतःच्या मोठ्या मुलाची बांधी अशीच हातभर कोरडी ठेवून बंद केली. मोठे बाबा ही गोष्ट लग्नाकार्यात हटकून सांगत.

“म्या म्हटलं, बाबा, हातभर राहिलं. तर बुढा म्हणे, पाळी झाली. आन हाणला गोळा.”

सगळे हसत. मोठे बाबाही हसत, पण जरा उशिरा.

मला सानगडी आवडायची आणि तिथे मी तोंड उघडत नसे. जवाहरनगरच्या शाळेत सगळं इंग्रजीत चाले, खेळताना हिंदी, आणि मराठी फक्त घरात, तीही आई-बाबांची. शेजारी केरळचे, पलीकडे बंगालचे. त्यामुळे माझी मराठी कुठल्याच गावची नव्हती. सानगडीची चुलत भावंडं मला घेरून म्हणत, “ए इंग्रजीवाली, इंग्रजीत शिंकून दाखव.” मी आबाजींजवळ जाऊन बसे. ते मला काही विचारत नसत. न बोलता कोणाजवळ बसता येतं हे मला तिथेच कळलं, आणि पुढे हीच सवय माझ्या उपयोगी पडली आणि नडलीही.

नागपूरला राज्यशास्त्र घेतलं तेही थोडं या सवयीमुळे. कागदावर मला इंग्रजी येत होतं आणि राजकीय सिद्धान्तात बोलण्यापेक्षा कागदच जास्त होता. न्याय म्हणजे काय, ज्याचं त्याला कसं मिळावं, ओझं कसं वाटावं, हे वाचताना मला सानगडीचा तलाव दिसे. एका निबंधात मी पाणकराचं उदाहरण दिलं. सरांनी, जे पुढे माझे मार्गदर्शक झाले, त्याखाली रेघ ओढली आणि वर्गात वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसले. एम.ए. झाल्यावर न्याय्य वाटपावरच पीएच.डी.चं काम घेतलं आणि भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवू लागले. राहायला पुन्हा क्वार्टरमध्ये आले. सकाळी बसनं भंडारा, दुपारी परत, आणि मग आबाजी असतील त्या महिन्यांत त्यांच्या पलंगाशेजारी माझी खुर्ची.

तेव्हा मी जवळून पाहिलं की पाळी बदलते म्हणजे काय होतं. ज्याची पुढची पाळी तो भाऊ राइस मिलची मेटाडोर घेऊन यायचा. चहा घ्यायचा, जेवायचा नाही. एकानं खांद्याखाली हात घालायचा, दुसऱ्यानं पायांकडून धरायचं. पितळेचा लोटा, घोंगडी आणि आईनं आणलेली रबराची चादर सोबत जायची. सांगितलं मात्र काहीच जायचं नाही. आबाजींना डाव्या कुशीवर झोप लागते, भात मऊ लागतो, दुपारी एकदा कूस बदलली नाही तर ते संध्याकाळपर्यंत चिडचिड करतात, हे आईला ठाऊक होतं. पण ते मोठ्या आईला, मोठ्या बाबांच्या बायकोला, सांगणं म्हणजे, तुम्हाला येत नाही, असं म्हणण्यासारखं झालं असतं. मोठ्या आईला जे ठाऊक होतं ते काकूला सांगितलं जात नव्हतं, काकूचं आम्हाला नाही. दर वेळी प्रत्येक घर आबाजींना पहिल्यापासून शिकायचं. शिकून होईतो मेटाडोर दारात असायची.

पाळी मुलांची होती. हात मात्र सुनांचे होते. हे मी आज एका वाक्यात लिहिते आहे. तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं आणि मला दिसत नव्हतं. बाबा कारखान्यातून आले की पलंगाशी उभं राहून विचारायचे, “बरं हाये ना, बाबा?” आबाजी मान हलवायचे. बाबांचं त्या दिवसाचं काम झालं.

एका कार्तिकात, आमची पाळी संपत आली तेव्हा, आई भाकरी थापता थापता बाबांना म्हणाली, “आयकलं का? राहू द्या ना त्याईले इथंच. नळ हाये, दवाखाना हाये. सानगडीले जाऊबाई दिवसभर बांधीत असते. तिनं कोणाकोणाकडं पाहावं?”

“म्हणजे भाऊ करत नाही, असं म्हणू मी?”

“मी असं कुठं म्हटलं?”

“तू नाही म्हणणार. गाव म्हणन.”

विषय तिथे संपला. बाबा वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं खरंच होतं. आमच्या घरात पाळीपेक्षा कमी करणं ही जेवढी नामुष्की होती, तेवढाच पाळीपेक्षा जास्त करणं हा भावाचा अपमान होता.  त्यानंतर दर वेळी मेटाडोर गेली की आई त्या दिवशी पलंगावर कपडे टाकत नसे.

मग श्रावण दोनदा आला ते वर्ष उजाडलं. आषाढ संपत होता, आबाजी शहापूरला काकांकडे होते. नेहमीप्रमाणे श्रावणापासून ते सानगडीला जायचे. पण त्या वर्षी आधी अधिक श्रावण होता, खरा श्रावण त्यानंतर. हा मधला महिना कोणाचा, हा प्रश्न आला. एका रविवारी तिघे भाऊ शहापूरला बसले. आबाजींची खाट त्याच खोलीत होती. आई आणि काकू चुलीशी होत्या, मी खाटेच्या पायथ्याशी.

मोठे बाबा म्हणाले, “माही पाळी श्रावण-भादवा. हा श्रावण थोडी होय? हा अधिक होय. अधिकात लगन नाही, मुंज नाही, कायचीच गिनती नाही. मंग पाळीचीच काहून?”

“भाऊ, आखाड सरला का माझी पाळी सरली,” काका म्हणाले. “आन सासऱ्यानं धोंड्याले बोलावलं आहे. दोघंही जाऊन राहिलो आम्ही.”

“जा ना. अनारसे खाऊन ये. बुढ्यालेही संग ने. त्याचाही मान होऊन जाईन, जावयाचा बाप म्हणून.”

सगळे हसले. आबाजीसुद्धा अर्ध्या तोंडानं हसले. हसू ओसरल्यावर मोठे बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “धानाचा रोवणा सुरू आहे बाप्पा. माणसं भेटत नाही. तुही भावजय पहाटे चिखलात उतरते ते दिवस मावळल्यावर निंगते. एक महिना धरा कोणी.”

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांची रजा शिल्लक नव्हती, आणि पूर्ण महिना एकट्यानं धरला तर तोच जुना प्रश्न, की म्हणजे ते दोघं करत नाहीत. बाबा कारखान्यातल्या माणसासारखं म्हणाले, “माणूस कमी पडला का आम्ही पाळी वाटून घेतो. दहा-दहा दिवस घेऊ तिघंही.”

तिघांनी आबाजींकडे पाहिलं. पाण्याच्या प्रत्येक भांडणात गावानं ज्यांच्याकडे पाहिलं होतं ते हेच. आबाजींना वाक्य जुळवायला वेळ लागला.

“पाणी कमी असलं... का पाळी लहान करा. क्रम मोडू नका.”

म्हणजे पहिले दहा दिवस शहापूर, मग दहा सानगडी, मग दहा आमच्याकडे, आणि खरा श्रावण लागला की पुन्हा सानगडी.

आतून आईचा आवाज आला, “इथून सानगडी, तिथून जवाहरनगर, आन पुन्हा सानगडीच? या पावसापाण्यात?”

मोठे बाबा आईशी थेट बोलत नसत. ते बाबांना म्हणाले, “तिले सांग, रस्ता पाठ आहे आम्हाले.”

मी त्या वाटणीत चूक शोधून पाहिली. कोणावर जास्त ओझं नव्हतं, कोणी सुटलं नव्हतं, क्रम सर्वांना मान्य होता, आणि ज्याच्याबद्दल ठरत होतं त्यानंच निवाडा दिला होता. मी याच विषयावर काम करत होते आणि मला खरंच चूक सापडली नाही.

आबाजी आमच्याकडे आले तेव्हा मेटाडोरच्या ताडपत्रीतून पाणी गळत होतं. घोंगडी जड झालेली. आईनं धोतर बदलायला घेतलं आणि मला हाक मारली. मी इतक्या जवळ कधी गेले नव्हते. त्यांनाही ते नको होतं, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. कमरेखाली, माकडहाडापाशी, कातडी गेली होती. आत खोल होतं. वास होता. आईनं पदर नाकाला लावला नाही म्हणून मीही ओढणी लावली नाही.

डॉक्टर येऊन गेले. “यांना हलवू नका. दर दोन तासांनी कूस बदला. भरायला वेळ लागेल, पण भरेल,” असं म्हणाले. आईनं जुन्या लुगड्यांची चुंबळ करून जखमेभोवती ठेवली. मी कॉलेजातून आले की आम्ही दोघी मिळून त्यांना वळवायचो. मी खांदे, ती कंबर. आबाजी चांगल्या हातानं पलंगाची सळई धरायचे आणि डोळे मिटायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते माझ्याकडे तोंड ठेवू लागले. जखमेची कड थोडी गुलाबी झाली तेव्हा आईनं मला ती दाखवली, जशी ती कधी कधी कुंडीतला नवा कोंब दाखवायची.

त्या दिवसांत माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण सरांकडे द्यायचं होतं. पलंगाशी बसून मी ते पूर्ण केलं. वाटप न्याय्य असेल तर त्यातून येणारी स्थितीही न्याय्य मानावी लागेल, असं त्यात लिहिलं होतं. भाषा चांगली होती.

आमचे दहा दिवस संपले त्या सकाळी मोठे बाबा आले. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, डोळे लाल. चहा घेतला. उठून आत यायला निघाले तर दारात आई उभी होती. डोक्यावरून पदर, नजर खाली, पण ती बाजूला झाली नाही.

“ते नाही जात,” ती म्हणाली. “मी करीन त्याईचं.”

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलली. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

मोठे बाबा चिडले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, “ठेवा मंग. गावात सांगीन मी, मोठ्याच्या घरी बुढ्याची आबाळ होत होती म्हणून लहान्यानं ठेवून घेतला.”

“भाऊ, तसं नाही ना,” बाबा म्हणाले. पण कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आतून आबाजी म्हणाले, “पाळी झाली.”

आई त्यांच्याजवळ गेली. “मामाजी, जखम आहे. डॉक्टरनं हालवू नका म्हटलं.”

ते बराच वेळ शब्द गोळा करत राहिले. मी पायथ्याशी होते, मला सगळं ऐकू आलं. “त्याची बांधी... म्या बंद केली होती. हातभर कोरडी होती. आता त्याची पाळी. ते नको तोडू, पोरी.”

दारात मोठे बाबा दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. मग आत आले आणि खांद्याखाली हात घातला. बाबांनी पाय धरले. आईनं चुंबळ उचलून मेटाडोरमध्ये ठेवली आणि मोठ्या बाबांना, आमच्या घराच्या रीतीच्या बाहेर जाऊन, सांगितलं, “डाव्या कुशीवर ठेवा. हे खाली द्या.” त्यांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी ते मोठ्या आईला सांगितलं असेलही.

रोवणा अजून चालू होता. आबाजी खऱ्या श्रावणात, पोळ्याच्या आधी गेले. गावानं म्हटलं, बरं झालं, आपल्या गावात गेला, मोठ्याच्या पाळीत गेला. कोणी कोणाला दोष दिला नाही. देण्यासारखा नव्हताच. तेराव्याच्या दिवशी तांदूळ निवडताना काकू मला हळूच म्हणाली, “आमच्याकडून निंगतानाच लाल झालं होतं गं तिथं. म्हटलं, सांगावं का? मंग म्हटलं, जाऊबाई म्हणन, हे मले शिकवायले निंगाली.” मोठी आई सूप पाखडत होती. तिच्या हातांना चिखलानं भेगा पडलेल्या. ती म्हणाली, “म्या हळद भरली होती. पहाटे जायचं असे ना.”  परत येताना रबराची चादर आमच्याबरोबर आली. आईनं ती धुऊन मागच्या तारेवर टाकली आणि कितीतरी दिवस ती तिथेच होती.

मी ते प्रकरण परत मागितलं. सरांना म्हटलं, मला यात काही घालायचं आहे. काय, ते मला नीट सांगता येईना. वाटप बरोबर असून माणूस जातो, आणि सिद्धान्ताला त्यात काहीच चुकलेलं दिसत नाही, असं काहीतरी म्हणाले. ज्यांनी केलं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, असंही म्हणाले. सरांनी शांतपणे ऐकलं. ते सज्जन होते. “हे घरचं झालं,” ते म्हणाले. “दुःख आहे, मी समजतो. पण हे राज्यशास्त्र नाही.” मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही.

नंतर ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकात दिसलं की तिकडे काही बायका याच गोष्टीबद्दल लिहू लागल्या आहेत. माणूस माणसाचं करतो त्यातूनही नीतीचा विचार निघतो, न्यायाचं माप त्याला पुरं पडत नाही, असं. मी उभ्यानं वाचलं. मराठीत मांडायला गेले तर शब्द मिळेना. सेवा म्हटलं की देव येतो, शुश्रूषा म्हटलं की दवाखाना. आई म्हणाली होती तोच शब्द मला बरा वाटला: मी करीन त्याईचं. पण प्रबंध मराठीत नव्हता, आणि असता तरी हा शब्द सरांनी खोडला असता. प्रबंध मी जुन्या विषयावरच पूर्ण केला. पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. वर्गात मी न्याय शिकवते. पाणकराचं उदाहरण देते, मुलं ते भराभर लिहून घेतात, कारण ते सोपं आहे. पुढचं सांगायला मी तोंड उघडते आणि तास संपतो, किंवा मी तो संपवते.

आता बाबा निवृत्त होणार आहेत. क्वार्टर सोडावं लागेल. माझा भाऊ भिलाईला असतो, तो मागच्या आठवड्यात आला होता. जेवताना म्हणाला, “मी विचार केला आहे. आई-बाबा सहा महिने माझ्याकडे, सहा महिने हिच्याकडे. मुलगी म्हणून हिला वेगळं काढणार नाही मी. हक्क सारखा, जबाबदारी सारखी.”

बाबांचा चेहरा उजळला. “शाबास, बाबू,” ते म्हणाले. भाऊ चांगला आहे. हे तो मला मान देण्यासाठी म्हणत होता, आणि मला ते दिसत होतं.

आई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. “मले पाळीत टाकू नका,” ती म्हणाली.

“अगं, मग कुठं राहशील?”

ती बाबांच्या ताटाकडे वळली. भाऊ माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, “तू सांग बाई. तुझा तर विषयच आहे हा.”

माझ्याकडे वाक्य तयार होतं. आई माझ्याकडे राहील, कायमची. पण ते तोंडातून काढलं असतं तर त्याचा अर्थ त्याच्या बायकोच्या अंगावर गेला असता, आणि त्याच्याही. तो समोर बसला होता, चांगल्या मनानं, वाट पाहत. आई माझ्याकडे पाहत नव्हती. ती बाबांना भात वाढत होती.

मी म्हटलं, “बघू.”